सहा नंबरच्या खोलीबाहेरची पावलं

मुस्तकीमभाईंच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पोट सुटलं होतं, आणि गेली एकतीस वर्षं ते हिंदी सिनेमातल्या नायिकांची पावलं चालत होते.

सिनेमाचं शूटिंग होतं तेव्हा आवाज नीट येत नाही. कुठे जनरेटर घरघरतो, कुठे कुत्रं भुंकतं. मग नंतर कुणीतरी बंद खोलीत उभं राहून, समोर पडद्यावर चित्र बघत, त्या चित्रातल्या माणसांची पावलं नव्यानं वाजवतं. बांगड्या किणकिणवतं, साडी सळसळवतं, कपबशी ठेवतं. गोरेगावच्या एका स्टुडिओच्या तळमजल्यावर अशी एक बिनखिडकीची खोली होती. जमिनीत चौकोन आखून कुठे शहाबादी फरशी, कुठे लाकडी फळ्या, कुठे वाळू, कुठे सुकलेला पाचोळा भरलेला. भिंतीशी दोन पत्र्याच्या पेट्या आणि त्यांत दीडशेच्या वर जोडे. लग्नाच्या मोजड्या, नर्सच्या सपाता, हवालदाराचे बूट. मुस्तकीमभाईंचं पाऊल लहान, त्यामुळे बायकांच्या सँडली त्यांना बरोबर बसत. त्या घालून ते पडद्याकडे डोळे लावायचे आणि नायिकेच्या पावलावर पाऊल टाकायचे. बघणाऱ्याला हसू यायचं. ऐकणाऱ्याला मात्र पडद्यावर बावीस वर्षांची पोरगीच चालते आहे असं वाटायचं.

"तुमच्या अब्बांनी नाव ठेवलं मुस्तकीम, म्हणजे सरळ," त्यांची बायको सफिया म्हणायची, "आणि तुम्ही पोट भरता ते वाकडंतिकडं चालून."

मूळचे दोघं रामपूरचे. जोगेश्वरीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. जिन्यात पाऊल वाजलं की मुस्तकीमभाई जेवता जेवता सांगायचे, "चौथ्या मजल्यावरची मास्तरीण. आज वर्गात कुणावर तरी चिडून आली आहे." सफिया दार उघडून बघायची, तर खरंच ती, आणि तोंड फुगलेलं. माणसांचे चेहरे ते विसरायचे. सख्ख्या मेहुण्याला एकदा बाजारात ओळखलं नव्हतं. मेहुणा पाठ फिरवून चालायला लागला, तेव्हा कुठे मागून हाक मारली.

तर फेब्रुवारीत त्यांच्याकडे एक सिनेमा आला. नाव अजून ठरलं नव्हतं. दिग्दर्शिका सुनीती साह नावाची बाई, मूळ नैनीतालची, वय छप्पन्न, आणि सिनेमा पहिलाच. गोष्ट साधी होती. कॉलेजात एकमेकांवर जीव टाकणारी दोघं, घरच्यांनी मोडता घातला, वाटा वेगळ्या झाल्या. मग बऱ्याच वर्षांनी एका मित्राच्या मुलीच्या लग्नात, डोंगरातल्या एका जुन्या विश्रामगृहात पुन्हा गाठ पडते. तीन दिवस दोघं एका छपराखाली असतात आणि हवापाण्यापलीकडे काही बोलत नाहीत. शेवटी एका संध्याकाळी नायक खोलीत बसलेला असताना बाहेरच्या लाकडी व्हरांड्यातून पावलं येतात. दाराशी थांबतात. बराच वेळ. मग परत फिरतात. नायक उठतो, दार उघडतो आणि तिच्यामागे धावतो.

व्हरांडा पडद्यावर दिसतच नव्हता. दिसत होता फक्त नायकाचा चेहरा. म्हणजे त्या दीड मिनिटात नायिका होती ती सगळी मुस्तकीमभाईंच्या पायांत.

नायिकेची चप्पल आधीच्या प्रसंगात तुटलेली होती. मुस्तकीमभाईंनी पेटीतून पट्टा सुटलेली चप्पल काढली आणि फळ्यांवर झकास चालून दाखवलं. फटक्, घसर. फटक्, घसर. रेकॉर्डिस्ट लोबो काचेपलीकडून अंगठा वर करून म्हणाला, "वा चाचा! एका टेकमध्ये!"

सुनीतीबाईंनी मान हलवली. "छान आहे. पण हे नाही."

मग चप्पल बदलली. मग पायमोजा चढवला. हळू चालून झालं, घाईनं झालं, दाराशी येऊन रडायच्या बेतात असल्यासारखं झालं. दुपार सरली.

"दीदी, तुम्हाला हवंय तरी काय?" मुस्तकीमभाईंनी शेवटी विचारलं. "ती घाबरली आहे का? रागावली आहे?"

"मला माहीत नाही हो," बाई कसनुशा हसल्या. "ऐकलं की कळेल मला. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. लोबो कुरकुरायला लागला. "चाचा, बाईंना काही समजत नाही. थिएटरात लोक चणे खात असतात, कोण ऐकतंय?"

पण मुस्तकीमभाईंना वेगळंच कोडं पडलं होतं. न समजणारी माणसं त्यांनी ढिगानं पाहिली होती. ती रोज नवीन काहीतरी मागतात. या बाई एकच गोष्ट मागत होत्या, आणि ती त्यांना आतून पाठ असावी असं वाटत होतं. कारण प्रत्येक टेक चालू असताना त्यांच्या हातातलं पेन टेबलावर आपोआप ठोके देत होतं. ठक. थांबा. ठक्, घसरर. प्रत्येक वेळी तस्संच. येताना ठोके जड, थांबल्यानंतर जाताना तेच ठोके हलके.

घरी आल्यावर मुस्तकीमभाई ओट्यावर चमच्यानं तेच ठोकत बसले. सफिया मेथी निवडत होती.

"कोण आहे हा लंगडा?" ती म्हणाली.

"लंगडा? ही बाई आहे. चप्पल तुटली आहे तिची."

"बाई कसली! चप्पल तुटली तर बाई ती हातात घेईल. आणि इतकं जड पाऊल? चांगला बाप्या आहे तो, एक पाय ओढत चालतोय."

मुस्तकीमभाईंनी चमचा खाली ठेवला आणि बायकोकडे बघत राहिले. "तुला मी स्टुडिओत का नेत नाही?"

"कारण मग तुमची रोजी बंद होईल," सफिया म्हणाली.

सकाळी त्यांनी नायिकेच्या सगळ्या चपला बाजूला सारल्या. डाव्या पायात हवालदाराचा बूट घातला, उजव्या पायात जुनी चामड्याची वहाण, आणि उजवा पाय किंचित ओढत फळ्यांवरून आले. थांबले. परत जाताना अंगातलं सगळं वजन काढून घेतल्यासारखे हलके गेले.

काचेपलीकडे पेन थांबलं. बाईंचा चेहरा उतरला होता. त्या उठून आत आल्या. "हे कुठून आणलंत?"

"तुमच्या पेनातून," मुस्तकीमभाई म्हणाले. "पण दीदी, ही तुमची नायिका नाही. हा कोणी पुरुष आहे. कोण आहे, ते सांगायचं नसेल तर नका सांगू. माझी झोप मात्र उडेल."

बाई पाचोळ्याच्या चौकोनाशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी सांगितलं. लोबोनं काचेपलीकडे इयरफोन काढून ठेवले. असं तो नंतर शपथेवर म्हणत होता.

त्याचं नाव हेमेंद्र पंत. नैनीतालला कॉलेजात दोघं बरोबर होते. तेव्हाच तो सायकलवरून उतारावर पडला आणि एक पाय थोडा तोकडा झाला. त्याची नोकरी एकीकडे, बाईंचं लग्न दुसरीकडे, आणि ते लग्न टिकलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी अल्मोड्याला एका लग्नात दोघं समोरासमोर आले. विश्रामगृह एकच. रात्री पंगतीत तो म्हणाला, "उद्या येतो, बोलायचं आहे." दुसऱ्या दिवशी बाई दुपारपासून सहा नंबरच्या खोलीत बसून होत्या. दिवेलागणीला पावलं आली. पाय ओढत येणारी. दाराशी थांबली.

"मी म्हटलं, तो दार वाजवेल," बाई म्हणाल्या. "तो वाजवेल याची मी वाट बघत राहिले, आणि तो मी उघडेन म्हणून थांबला असणार. मग गेला. जाताना पाऊल किती हलकं होतं! सुटला बिचारा, असं वाटलं मला. त्यानंतर भेट नाही."

"मग सिनेमात बाई बाहेर आणि पुरुष आत, असं का?"

"मलाच खोलीत बसवून पुन्हा दार न उघडणं जमेना," त्या म्हणाल्या. "म्हणून त्याला बसवलं. त्यानं उघडलं."

तोच टेक सिनेमात गेला. ऐकणाऱ्याला तुटकी चप्पलच वाटायची.

मे महिन्यात ओळखीच्यांसाठी एक खेळ ठेवला होता, दुपारचा. बाईंनी धीर करून हेमेंद्र पंतांना पत्र लिहिलं होतं आणि ते हल्द्वानीहून खरोखर आले. उंच, कृश, कानावरचे केस पांढरे, हातात बाल मिठाईचा डबा. मुस्तकीमभाई शेवटच्या रांगेत होते. मधल्या वाटेनं पंत पुढे जाऊन बसले, तेव्हा आपोआपच त्यांचा कान तिकडे गेला, आणि ते चमकले. पंत लंगडत होते खरे, पण पाय ओढत नव्हते. तोकडा पाय उचलून चवड्यावर टेकवत होते. टक्-टिक्, टक्-टिक्. चिमणीसारखं.

सिनेमा संपल्यावर अंगणात चहा झाला. बाईंनी मुस्तकीमभाईंना हात धरून पुढे आणलं. "हेमेंद्र, हे बघ. तुझी पावलं यांनी चालली."

पंतांनी मुस्तकीमभाईंच्या पोटाकडे आणि मिशांकडे पाहिलं. "माझी? मला वाटलं ती नायिकेची होती."

"सहा नंबरच्या खोलीबाहेर तू आला होतास ना, त्या संध्याकाळची."

"मी?" पंतांनी कप बशीत ठेवला. "मी कुठे आलो होतो?"

"म्हणजे?"

"सुनीती, मी त्या दिवशी दुपारच्या बसनं निघून गेलो. मी येतो म्हटल्यावर तू ताटातून मान वर केली नाहीस. मी म्हटलं, नको असेल हिला. उगाच कशाला?"

"मी होकारच दिला होता!"

"कधी?"

"मनात!"

लोबोला ठसका लागला. बाई लाल झाल्या, मग हसल्या, मग जराशा रागावल्याही. "एकोणीस वर्षं मी स्वतःला दोष देतेय की दार उघडलं नाही. आणि बाहेर तू नव्हतासच?"

"नव्हतो. पण असायला हवं होतं मी," पंत म्हणाले, आणि त्यांनी मिठाईचा डबा उघडून पुढे केला. मग संध्याकाळभर ते दोघं अंगणातल्या बाकावर बसले होते. रक्तदाब, भाऊबंद, नैनीतालचं तळं, काय काय बोलत होते.

मुस्तकीमभाईंना मात्र एकच प्रश्न. मग आलं कोण होतं?

घरी येऊन त्यांनी सफियाला सांगितलं. ती म्हणाली, "असेल कुणीतरी. दोघं भेटली ना? मग तुम्हाला काय करायचंय?"

"पाय ओढत आला, सहा नंबरलाच थांबला, आणि जाताना हलका झाला. का हलका झाला, सफिया?"

जूनमध्ये रामपूरला पुतण्याचं लग्न होतं. लग्न उरकल्यावर मुस्तकीमभाई म्हणाले, "मी जरा अल्मोड्याला जाऊन येतो."

"अल्मोड्यात तुमचं कोण आहे?"

"कोण आहे ते बघायलाच चाललोय."

"मग मीही येते," सफिया म्हणाली. "तुम्ही माणसांच्या पायांशी बोलता. तोंडाशी बोलायला कुणीतरी हवं."

काठगोदामपर्यंत गाडी आणि पुढे वळणावळणाची जीप. सफियाला दोनदा उलटी झाली आणि दोन्ही वेळा तिनं नवऱ्याला मनापासून शिव्या दिल्या. विश्रामगृह बाजाराच्या वरच्या अंगाला देवदारांत होतं. आता तिथं फारसं कुणी उतरत नसे. स्वयंपाक आणि झाडलोट बघायला गोपुलीदेवी नावाची सत्तरीची बाई होती, सगळे तिला आमा म्हणत. तिनं दोघांना चहा दिला, तिकडे गुटके म्हणतात त्या बटाट्याच्या परतलेल्या फोडी दिल्या आणि कोणती खोली हवी म्हणून विचारलं.

"सहा नंबर," मुस्तकीमभाई म्हणाले.

"वरची? तिथं नळ नाही हं. पाणी खालून न्यावं लागेल. पूर्वी आमचे हे भरायचे."

मुस्तकीमभाईंचा घास तोंडातच राहिला. सफियानंच विचारलं, "कोण हे, आमा?"

"माझा नवरा, दीवान सिंग. चाळीस वर्षं इथं चौकीदार होते. पाच वर्षं झाली जाऊन. रोज दिवेलागणीला भरलेली तांब्याची घागर खांद्यावर घेऊन वर जायचे. सहा नंबरच्या दाराबाहेर तिवई होती, तिच्यावर ठेवायचे. मग तिथं उभे राहून दम खायचे चांगला. लहानपणी झाडावरून पडले होते ना, एक पाय ओढत चालायचे. आणि मग सकाळची रिकामी घागर घेऊन खाली."

मुस्तकीमभाईंनी सफियाकडे पाहिलं. सफियानं त्यांच्याकडे पाहिलं. जाताना पाऊल हलकं का, ते कळलं होतं.

"आमा, कसे चालायचे ते?" मुस्तकीमभाईंनी विचारलं. आवाजात असा अधीरपणा होता की म्हातारी चपापली.

"कसे म्हणजे? चालायचे आपले."

"चालून दाखवता?"

"वेडबिड लागलंय का तुझ्या घरवाल्याला?" आमानं सफियाला विचारलं. "गेलेल्या माणसाची नक्कल करायला सांगतोय!"

"लागलंय," सफिया म्हणाली. "निकाह झाल्यापासूनच आहे. पण वाईट मनाचे नाहीत ते. बघा तुम्हाला वाटलं तर. आम्ही वर खोलीत बसतो, दार लावून. आम्ही तुम्हाला बघणार नाही."

आमा कपबश्या उचलून आत गेली. दोघं वर जाऊन खाटेवर बसले. खिडकीतून देवदारांवरचं ऊन सरकताना दिसत होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. सफिया कुजबुजली, "दुखावली बिचारी. चला खाली, माफी मागू."

तेवढ्यात जिना करकरला.

ठक. थांबा. ठक्, घसरर. म्हातारीनं खरोखरच भरलेली घागर घेतली होती, पाणी डुचमळताना ऐकू येत होतं. फळी फळी दबत पावलं दाराशी आली. घागर तिवईवर टेकल्याचा आवाज झाला, आणि मग एक लांब श्वास. नंतर शांतता. कुणीतरी दाराच्या पलीकडे उभं आहे, काहीतरी सांगायला आलं आहे आणि शब्द सापडत नाहीत, असंच कुणालाही वाटलं असतं. सफियानं नवऱ्याचा हात घट्ट धरला. मग पावलं वळली आणि हलकी होऊन जिन्याकडे गेली.

मुस्तकीमभाईंनी दार उघडलं. आमा व्हरांड्याच्या टोकाला कठड्याला धरून उभी होती. पदरानं तोंड पुसत होती.

"जमलं का?" तिनं विचारलं.

"आमा, एकतीस वर्षं मी हेच करतो. मला असं नाही जमलं."

"जमेल कसं? रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून वरची ही पावलं ऐकायचे मी. ती खाली यायला लागली की भाकरी टाकायची तव्यावर." ती तिवईशेजारी खालीच बसली. "पण तुम्हाला कशाला हवं होतं हे?"

मुस्तकीमभाईंनी सगळं सांगितलं. आत बसलेली बाई, बाहेरची पावलं, एकोणीस वर्षं, सिनेमा. आमा आधी नुसती ऐकत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. सफियाला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"यांना? यांना समजली ती आपला यार? अगं बाई गं! जन्मात माझ्याशिवाय कुणी वळून बघितलं नाही त्यांच्याकडे! बरं झालं गेले. नाहीतर हे कळल्यावर बाजारभर मिशीला पीळ देत हिंडले असते!"

मुस्तकीमभाईंच्या पिशवीत लहान रेकॉर्डर नेहमी असायचा. आमाला विचारून, दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच चालणं पुन्हा टिपून घेतलं. तिनं ते दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा लावू का म्हटल्यावर म्हणाली, "नको. पीठ मळायचंय."

मग त्यांनी सुनीतीबाईंना फोन लावला. बाई मुंबईत नव्हत्याच, हल्द्वानीला होत्या, पंतांकडे. "हा लिची सोलतोय आणि मी खातेय," त्या म्हणाल्या. मुस्तकीमभाईंनी घागरीचं सांगितलं.

"पाणी?" बाई म्हणाल्या. "तरीच मला रात्री तहान लागली तेव्हा दाराबाहेर पाणी मिळालं! मी म्हटलं, किती चांगली व्यवस्था आहे!"

मागून पंतांचा आवाज आला, "मी सांगत होतो ना, मी नव्हतो!"

"तू गप्प बस. नव्हतास, हाच तर तुझा गुन्हा आहे."

दोघंही तिसऱ्या दिवशी अल्मोड्याला आले. आमानं सगळ्यांना अंगणात जेवायला बसवलं, सुनीतीबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरळ विचारलं, "मग आता लग्न करताय का तुम्ही दोघं?"

"विचार चाललाय, आमा," बाई म्हणाल्या.

"तुमचा विचार एकोणीस वर्षं चालतो. माझ्याजवळ तेवढी नाहीत."

लग्न त्यांनी केलं नाही. पंत थंडीत मुंबईला येतात, बाई उन्हाळ्यात हल्द्वानीला जातात, आणि दोघंही एकमेकांबद्दल इतरांकडे भरपूर तक्रारी करतात. सिनेमा सप्टेंबरात लागला, दोन आठवडे चालला. वर्तमानपत्रांनी गाण्यांचं कौतुक केलं, नायकाच्या डोळ्यांचं केलं. शेवटच्या पाटीत आभाराच्या यादीत दीवान सिंग बिष्ट, अल्मोडा, असं नाव होतं. तो कोण, हे निर्मात्यालाही माहीत नव्हतं. मुस्तकीमभाईंचं नाव त्याच पाटीवर होतं, नेहमीप्रमाणे चुकीचं लिहिलेलं.

त्यांच्याकडे पुढचा सिनेमा आला तो पहाडातल्या टपालवाल्याचा. त्यात एक खेचर होतं, आणि खेचर त्यांनी आजवर कधी चालवलं नव्हतं. खुरांच्या आवाजासाठी नारळाच्या करवंट्या घेऊन ते दोन दिवस बसले, मन भरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी सफिया चहा घेऊन आली तर हे फोन कानाला लावून, मोठमोठ्यानं विचारत होते, "नाही आमा, रिकामं नाही. पाठीवर ओझं असताना. चढावर. पुढचा पाय आधी टाकतं की मागचा?"